रोजगार हमीचे जनक वि. स. पागे : विसापूरचा प्रयोग बाघ नदी ओलांडायला 27 वर्षं का लागली?

बालाघाट : धानाची मळणी आटोपली की किरनापूर, लांजी, वारासिवनी भागातले मजूर कामासाठी नागपूरची वाट धरतात. गावात काम मागायचं आणि सरकारने ते द्यायचंच, असा कायदेशीर हक्क या जिल्ह्याला पहिल्यांदा मिळाला तो 2 फेब्रुवारी 2006 ला. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यातल्या 200 जिल्ह्यांत बालाघाट होता आणि शेजारचा गोंदियाही होता. पण गोंदियाकडच्या मजुराला हा हक्क त्याच्या 27 वर्षं आधीपासून होता. तो ज्यांच्यामुळे मिळाला ते विठ्ठल सखाराम पागे. 21 जुलैला त्यांची जयंती असते.

पागे यांचा जन्म 1910 चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, बागणी गावचा. कायद्याचं शिक्षण घेतलं, स्वातंत्र्य चळवळीत पडले आणि तुरुंगवास भोगला. संत साहित्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. राहणी साधी. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत, म्हणजे तब्बल 18 वर्षं त्या खुर्चीवर राहिले. मंत्रिपद नाही, खातं नाही, तिजोरी हातात नाही. तरी गरिबांसाठीची राज्यातली सगळ्यात मोठी योजना याच माणसाच्या आग्रहातून उभी राहिली.

दुष्काळी कामं काही नवी नव्हती. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केली होती. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत आपला मध्य प्रांत होरपळला, तेव्हाही लोकांना रस्त्याच्या, तलावाच्या कामावर लावलं गेलं. पण त्यात एक मेख होती. आधी सरकारने दुष्काळ जाहीर करायचा, मगच काम निघायचं. जाहीर झालं नाही तर मजूर उपाशी असला तरी त्याला विचारणारं कुणी नाही. पाऊस पडला की काम बंद.

पागे यांचं म्हणणं वेगळं होतं. भूक दुष्काळ जाहीर व्हायची वाट बघत नाही. कोरडवाहू शेतीवरचा मजूर चांगल्या वर्षातही कित्येक महिने रिकामा असतो आणि त्याच गावात बांध घालायचे, नाले अडवायचे, रस्ते करायचे पडलेले असतात. मग रिकामे हात आणि पडलेलं काम एकत्र का आणू नये? 1965 मध्ये त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून ही कल्पना मांडली आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात तिचा प्रयोग झाला.

1972 मध्ये योजना सुरू झाली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, बंडिंग, वाटपाची सुकडी, हे सगळं त्या पिढीने पाहिलं. एवढी माणसं उन्हात काम करायला तयार आहेत, गरीब आळशी नाही, हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

पण हमी द्यायची तर पैसा कुठून? इथे महाराष्ट्राने जे केलं ते हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातला नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून कर घ्यायचा, तो रोजगार हमीच्या निधीत टाकायचा आणि तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची. नागपूर, गोंदियात नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकात दर महिन्याला व्यवसाय कर कापलेला दिसतो, त्याचं मूळ हे आहे.

1977 मध्ये कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला 15 दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला रोजचा जेमतेम एक रुपया होता. पण रक्कम किती यापेक्षा सरकार देणं लागतं हे कायद्यात आलं, ही मोठी गोष्ट होती. बाई आणि पुरुष यांना एकाच कामाचा एकच दर ठरला, त्यामुळे बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या.

योजनेत दोष नव्हते असं नाही. खोटी हजेरीपत्रकं, मजुरीला उशीर, अर्धवट सोडलेली कामं, या तक्रारी होत राहिल्या. 1988 मध्ये किमान मजुरी दुप्पट झाली आणि पुढे कामांवरची हजेरी घटली. म्हणजे हमी कायद्यात असली तरी काम निघणं अधिकाऱ्यांच्या हातात राहिलं. सभापतिपद सोडल्यावरही पागे यांचं या योजनेवर लक्ष होतं. 16 मार्च 1990 ला त्यांचं निधन झालं.

आता नदीच्या या बाजूचं. 1956 पर्यंत बालाघाट आणि तेव्हाचा भंडारा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. पीक तेच, धान. मजूरही तसेच. राज्यांची फेररचना झाली, बाघ नदीच्या पलीकडचा भाग पुढे महाराष्ट्रात गेला आणि अलीकडचा मध्य प्रदेशात राहिला. एका नदीने कायदा वेगळा केला. इकडे सरकारी योजना आल्या, गेल्या. काम मागण्याचा हक्क मात्र दिल्लीने 2005 मध्ये कायदा केला तेव्हाच आला.

दिल्लीच्या त्या कायद्याने महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवला. 15 दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, खर्चातला किमान 60 टक्के वाटा अकुशल मजुरीवर, ही चौकट तिथलीच. एक फरक मोठा. पागे यांच्या योजनेत प्रत्येक प्रौढ माणसाला हमी होती आणि दिवसांची मर्यादा नव्हती. दिल्लीने ती एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांवर आणली.

आणखी एक गोष्ट मजुरांपर्यंत फारशी पोहोचली नाही. त्या कायद्यात भत्त्याचा हक्क अर्जावर उभा होता. काम मागितल्याची तारीख टाकलेली पावती हातात असेल तर 15 दिवस मोजता यायचे. तोंडी काम मागून परत आलेल्याचे दिवस मोजायला सुरुवातच व्हायची नाही, आणि तो पुन्हा नागपूरची वाट धरायचा.