नाना शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट यांना लोक आदराने नाना म्हणत. त्यांचा जन्म १८०३ साली मुरबाड येथे एका सधन घराण्यात झाला. मुंबईस त्यांचा मोठा व्यापार होता. त्यांच्या सचोटीची ख्याती अशी, की अरब व अफगाण व्यापारीही आपले धन त्यांच्यापाशी निर्धास्तपणे ठेवीत.

त्या काळी मुलींना शिकविणे अनेकांना अधर्म वाटे. त्यास साहाय्य करणाऱ्याला लोकनिंदेचे भय असे. आणि व्यापाऱ्याचे सारे बळ तर लोकांच्या विश्वासातच! तरीही १८४९ च्या सुमारास नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. धनाबरोबर त्यांनी आपली पतही विद्यादानास वाहिली.

१८६५ साली नाना निवर्तले. त्यांनी जोडलेली पत मात्र लोकांच्या कामी आली.