शिवराम जानबा कांबळे

शिवराम जानबा कांबळे (१८७५–१९४२) हे पुण्यातील अस्पृश्यतानिवारण चळवळीचे आद्य पुढारी, ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकाचे संपादक आणि १९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहाचे एक प्रमुख नेते होते. महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी त्यांनी सरकारकडे केलेले अर्ज, मुरळी प्रथेविरुद्धची त्यांची मोहीम आणि शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे त्यांनी भरवलेली सभा या कार्यांसाठी ते ओळखले जातात. जन्मावरून माणसाची लायकी ठरवल्याचा आरोप त्यांनी ब्रिटिश सरकार आणि राष्ट्रीय चळवळ या दोघांवरही केला. त्यांच्यावर उलट आरोप झाला तो राजनिष्ठेचा.

प्रारंभीचे जीवन

कांबळे यांचा जन्म पुण्यात एका महार कुटुंबात झाला. पुण्यातील फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहात ते बटलर म्हणून नोकरीस होते. उच्च शिक्षणाची संधी त्यांना लाभली नाही. वाचन मात्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर वाढवले. महात्मा फुले, लोकहितवादी व बाबा पदमनजी यांच्या लेखनाचा आणि गोपाळबाबा वलंगकर यांच्या कार्याचा त्यांच्यावर परिणाम झाला. १९०४ साली त्यांनी पुण्यात ‘श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज’ ही संस्था स्थापन केली. समाजातील लोकांना वाचनाची गोडी लागावी म्हणून एक ग्रंथालयही सुरू केले.

त्या काळात पुणे जिल्ह्यातील महारांचे जीवन गावकीला बांधलेले होते. भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुक्यातील गावे आहेत, तर दुसऱ्या तीरावर दौंड तालुक्यातील. दोन्ही तीरांवर वेसकर व तराळ यांची कामे वतनाने चालत आणि त्यांच्या मोबदल्यात बलुते मिळे. या चक्रातून सुटण्याचे मार्ग थोडे होते. पुण्याची छावणी, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना आणि रेल्वे या ठिकाणी रोख पगार मिळे आणि तेथे पाटलाचा अंमल चालत नसे. या सर्वांत जुनी व प्रतिष्ठेची वाट लष्कराची होती. नेमकी तीच कांबळे यांच्या तरुणपणी बंद झाली.

लष्करभरतीचा प्रश्न

शिरूर अर्थात घोडनदी येथे पेशवाईच्या अखेरच्या काळात कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील सुमारे ८०० सैनिकांची तुकडी याच छावणीतून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे तिची दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी गाठ पडली. दिवसभर लढाई झाली. त्यानंतर पेशव्याचे सैन्य दक्षिणेकडे निघून गेले आणि स्टाँटनची तुकडी शिरूरला परतली. लढाईच्या स्मरणार्थ सरकारने भीमेकाठी उभारलेल्या स्तंभावर मृत सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे मोठ्या संख्येने आहेत. मराठा, रजपूत, मुसलमान आणि ज्यू सैनिकही त्या तुकडीत होते. त्यामुळे ही लढाई केवळ दोन जातींमधील होती असे मानणे इतिहासाला धरून होत नाही. पण स्तंभावरील नावांमुळे महार समाजाच्या हाती एक लेखी पुरावा आला, हेही तितकेच खरे आहे.

१८५७ नंतर, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये ‘लढाऊ वंशां’चा सिद्धान्त प्रबळ झाला. हिंदुस्थानातील काही वंश जन्मतःच शूर असतात, बाकीचे नसतात, असे हा सिद्धान्त सांगे. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता होता. पंजाबी, पठाण व गुरखा सैनिकांना प्राधान्य मिळाले आणि १८९० च्या दशकाच्या प्रारंभी महारांची भरती थांबली. उच्चवर्णीय सैनिक अस्पृश्यांबरोबर राहण्यास तयार नसतात, ही अडचणही पुढे केली जाई. अशा रीतीने युरोपातला वंशवाद आणि येथला जातिभेद एकमेकांना पूरक ठरले.

या निर्णयाने गेले ते केवळ वेतन नव्हते. पलटणींच्या शाळांत सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ अशाच एका लष्करी शाळेत शिक्षक होते. भरती थांबली आणि समाजातील साक्षरतेचा सर्वांत भरवशाचा झरा आटला.

सासवड आणि जेजुरी

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज कोकणातून उठला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोली येथे ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था काढली होती. नावातच वंशाचा प्रश्न आहे: आपल्यावर अनार्यपणाचा दोष लादला गेला आहे आणि तो दूर झाला पाहिजे. महार हे मूळचे क्षत्रिय असून दुष्काळाच्या आपत्तीत पतित ठरवले गेले, अशी मांडणी वलंगकरांच्या पिढीने केली. कांबळे यांनी संस्थेसाठी व मासिकासाठी निवडलेला ‘सोमवंशीय’ हा शब्दही त्याच मांडणीतला आहे.

१९०३ साली कांबळे यांनी सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरवली. लष्कर, पोलीस व इतर सरकारी खात्यांत महारांना प्रवेश मिळावा, असा अर्ज तयार होऊन त्यावर सुमारे दीड हजार लोकांच्या सह्या वा निशाण्या झाल्या. गावकीच्या कामातून सवड काढून, बव्हंशी पायी आलेल्या आणि निरक्षर असलेल्या लोकांच्या नावे असा अर्ज सरकारदरबारी जाणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सरकारने तो मान्य केला नाही.

१९१० साली जेजुरी येथे दख्खनमधील महारांची परिषद झाली आणि तिच्या वतीने कांबळे यांनी थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. हा अर्ज वलंगकरांच्या मांडणीपासून वेगळा आहे. प्राचीन क्षत्रियत्वावर त्याचा भर नाही. आम्ही आमच्या देशबांधवांपैकी कोणापेक्षाही मुळात कमी नाही, एवढेच म्हणून तो सरकारी नोकरीतील कनिष्ठ जागा, पोलीसदल आणि सैन्य यांत प्रवेश मागतो. राष्ट्राच्या उन्नतीसाठी आपले विशेषाधिकार स्वतःहून सोडणाऱ्या जपानी सामुराईंचा दाखला देऊन तो येथील उच्चवर्णीयांना आरसाही दाखवतो. वंश चांगला असल्याचे सिद्ध करीत बसण्याऐवजी वंशाची कसोटीच नाकारण्याकडे झालेला हा प्रवास कांबळे यांच्या वैचारिक वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. तो सरळ रेषेत झाला असे मात्र नाही. कोरेगावच्या स्तंभाचा दाखला देताना ते पुन्हा पराक्रमी पूर्वजांकडेच वळत.

पहिल्या महायुद्धात सैनिकांची चणचण भासू लागली तेव्हा सिद्धान्त बाजूला पडला. १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडण्यात आली.

सोमवंशीय मित्र

‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक १९०८ साली सुरू झाले. अस्पृश्य समाजातील संपादकाने चालवलेल्या पहिल्या नियतकालिकांपैकी ते एक होते. शिक्षण, मद्यपान, लग्नातील उधळपट्टी, गावकीतील जुलूम असे विषय त्यात येत. पैशाच्या अभावी ते फार काळ चालले नाही.

मासिकाचे नाव आणि त्यातील विषय प्रामुख्याने महार समाजाशी निगडित होते. मांग व चांभार समाजांतील कार्यकर्त्यांना त्यात आपले स्थान दिसणे अवघड होते. ही चळवळ एका जातीची आहे, असा आक्षेप पुढील काळातही दलित चळवळीवर आतूनच घेतला गेला. त्याचे मूळ या प्रारंभीच्या काळात शोधता येते.

मासिकाचे सर्वांत धाडसी काम मुरळी प्रथेविरुद्धचे होते. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याची चाल महार-मांग समाजांत होती आणि अशा मुलींचे पुढे शोषण होत असे. कांबळे यांनी मुरळ्यांना उद्देशून आवाहन प्रसिद्ध केले. त्याला शिवूबाई नावाच्या मुरळीने पत्र पाठवून उत्तर दिले व ते मासिकात छापले गेले. प्रथा वाईट आहे हे तिला मान्य होते. पण मुरळीशी लग्न करण्यास कोणी तयार आहे काय, हा तिचा प्रश्न सुधारकांनाच अडचणीत टाकणारा होता. कांबळे यांनी तो टाळला नाही. त्यांच्या एका सहकाऱ्याने शिवूबाईशी विवाह केला.

राष्ट्रीय चळवळीशी संबंध

लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच वर्षी ‘सोमवंशीय मित्र’ निघाले. पुण्यातील वातावरण सरकारविरोधी रोषाने भारलेले असताना सरकारकडे नोकऱ्या मागणारा अर्ज करणे म्हणजे राजनिष्ठा, अशी टीका कांबळे यांच्यासारख्यांवर होणे स्वाभाविक होते. अर्जांची भाषा राजनिष्ठ होती, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांना दुसरे दार उघडे होते काय, हेही पाहिले पाहिजे. १८९५ साली पुण्यात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरवण्यास टिळकपक्षीयांनी विरोध केला आणि न्यायमूर्ती रानडे यांना ती अन्यत्र घ्यावी लागली. मार्च १९१८ मध्ये महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद झाली. टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. पण स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. व्यासपीठावरचे भाषण आणि घरातले आचरण यांतील हे अंतर अस्पृश्य कार्यकर्त्यांच्या दीर्घकाळ लक्षात राहिले.

कोरेगाव, १९२७

कांबळे यांनी कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा भरवण्यास सुरुवात केली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्यांच्या निमंत्रणावरून तेथे आले. ज्यांच्या रक्तावर राज्य उभे राहिले त्यांनाच सैन्याबाहेर ठेवणाऱ्या सरकारवर त्यांनी टीका केली. स्तंभ उभारणारे सरकार आणि भरती बंद करणारे सरकार एकच होते, या विसंगतीवर कांबळे यांनी जवळजवळ पाव शतक बोट ठेवले होते. आता ते काम त्यांच्याहून वयाने लहान, पण विद्वत्तेने व अधिकाराने मोठ्या नेत्याच्या हाती गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

पर्वती सत्याग्रह

पुण्याची पर्वती हे पेशव्यांचे देवस्थान. तेथील मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. प्रवेशाची मागणी विश्वस्तांनी फेटाळल्यावर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह सुरू झाला. कांबळे तेव्हा ५४ वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर चांभार समाजातील तरुण नेते पां. ना. राजभोज होते. ‘सोमवंशीय’ या नावाने सुरू झालेले कार्य दोन जातींच्या संयुक्त नेतृत्वापर्यंत आले होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे हे ब्राह्मण समाजातील कार्यकर्तेही त्यात सहभागी झाले.

सत्याग्रही पायऱ्यांपाशी पोहोचले तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. सनातनी जमावाने त्यांच्यावर दगडफेक केली. राजभोज जखमी झाले. डॉ. आंबेडकर यांनी मुंबईतून सत्याग्रहाला पाठिंबा दिला आणि मारहाणीचा निषेध केला. पुण्याच्या सुशिक्षित वर्गात या प्रसंगाने फूट पडली. काँग्रेसमधील काही तरुण सत्याग्रहींबरोबर होते, तर स्वराज्याच्या सभांना गर्दी करणारे अनेकजण दरवाजा बंद ठेवणाऱ्यांच्या बाजूने किंवा गप्प होते. राष्ट्रीय चळवळ जातिभेद पाळते, हा आरोप आता केवळ भाषणापुरता राहिला नाही. त्याचा पुरावा पर्वतीच्या पायऱ्यांवर दिसला. त्याच वेळी त्या आरोपाला अपवाद असलेली माणसेही तेथेच, दगड खाणाऱ्यांच्या रांगेत, उभी होती.

सत्याग्रह जानेवारी १९३० पर्यंत चालला आणि मंदिर न उघडताच थांबला. लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो याच काळात. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि अस्पृश्यांच्या लढ्याचे केंद्र पुण्याहून तिकडे सरकले.

अखेरचा काळ

१९३० साली ह. ना. नवलकर यांनी लिहिलेले कांबळे यांचे त्रोटक चरित्र पुण्यात प्रसिद्ध झाले. त्यात पर्वती सत्याग्रहाची हकीकतही आहे. पुढील दशकात नेतृत्व डॉ. आंबेडकरांकडे एकवटले आणि कांबळे यांच्या पिढीतील कार्यकर्ते हळूहळू मागे पडले. राजभोज पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते झाले व १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले.

ज्या मागणीसाठी कांबळे यांनी सासवडची सभा भरवली होती, ती दुसऱ्या महायुद्धात मान्य झाली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४२ साली कांबळे यांचे निधन झाले. पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांसाठी कायद्याने खुले झाले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९४७ च्या मुंबई प्रांतातील मंदिरप्रवेश कायद्याने.