सातासमुद्रांपलीकडची विद्यार्थिनी

पनवेलजवळ पळस्पे नावाचे गाव आहे. मुंबईकडून येणारी वाट येथे दुभंगते. एक रस्ता खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्यास जातो. दुसरा पेणच्या बाजूस वळतो आणि पुढे त्याला अलिबागेची वाट मिळते. पनवेलच्या उत्तरेस कल्याण हे पुरातन बंदर आहे. कल्याण, अलिबाग आणि पुणे यांपैकी कोणत्याही गावी पळस्प्याहून निघून आज एका दिवसात परत येता येते. या तीन गावांशी जिचे आयुष्य बांधलेले होते, अशी एक मुलगी विद्येसाठी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस गेली. ज्या काळी स्त्रीने एकटीने परगावी जाणेही निंद्य मानले जाई, त्या काळी तिने अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविली. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव वयाने बरेच मोठे, विधुर आणि स्वभावाने मोठे विक्षिप्त होते. परंतु पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मुलीच्या हाती पाटी दिली तर घरावर अरिष्ट येते, अशी समजूत तेव्हा घरोघर होती. नातेवाइकांचा अडथळा टळावा म्हणून गोपाळरावांनी आपली बदली अलिबागेस करून घेतली. तेथे समुद्राच्या सान्निध्यात आनंदीबाईंचा अभ्यास नेटाने सुरू झाला. पुढे कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा पतीच्या बदल्या होत गेल्या आणि त्यांच्याबरोबर आनंदीबाईंची पुस्तकेही गावोगाव फिरत राहिली. मुंबईत त्या शाळेस जाऊ लागल्या, तेव्हा रस्त्यातील लोक थांबून त्यांची टवाळी करीत. आनंदीबाई मान खाली घालून चालत, पण शाळा चुकवीत नसत.

चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. परंतु तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. योग्य औषधोपचार वेळेवर मिळाले असते तर मूल वाचले असते, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्या काळी आपले दुखणे पुरुष डॉक्टरपुढे सांगण्यास स्त्रिया धजत नसत आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली आपल्या देशातील स्त्री तर शोधून सापडली नसती. किती स्त्रिया मुकाट्याने दुखणे सोशीत मरण पावत असतील! आपण स्वतःच डॉक्टर व्हावे, असा निश्चय आनंदीबाईंनी केला. त्या एका दुःखातून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पण हे शिक्षण घ्यावे कोठे? पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत व्हावी म्हणून गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून एका अमेरिकन पाद्र्यास पत्र लिहिले होते. ते पत्र तिकडील एका मासिकात छापले गेले. पुढे १८८० मध्ये न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेला तो जुना अंक त्यांनी सहज चाळला आणि ते पत्र त्यांच्या दृष्टीस पडले. कधीही न पाहिलेल्या या मुलीविषयी त्यांना माया वाटली व त्यांनी पत्र पाठविले. येथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एका पत्राचे उत्तर हाती येण्यास महिने लागत. तरी सुमारे तीन वर्षे ही पत्रे येत-जात राहिली. आमच्याकडे मुलींची लग्ने केव्हा होतात, तुमच्याकडे केव्हा. आम्ही काय खातो, तुम्ही काय खाता. आमचे सण कोणते, तुमचे कोणते, अशा रोजच्या जीवनातील गोष्टींची त्या दोघी तुलना करीत. आनंदीबाई श्रीमती कार्पेंटर यांना मावशी म्हणू लागल्या. अमेरिकेचा किनारा दृष्टीस पडण्यापूर्वीच तेथे त्यांचे एक घर तयार झाले होते.

आनंदीबाई परदेशी जाणार ही वार्ता पसरताच लोकांनी शंकांचा भडिमार केला. परदेशी गेलेली ही मुलगी धर्म सोडील, परकीयांचे वेड घेऊन येईल, असे कित्येकांस वाटले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी मोठ्या सभेपुढे इंग्रजीत भाषण केले. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरची किती गरज आहे, हे त्यांनी सांगितले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे ठामपणे बजावले. त्या वेळी त्यांच्या वयास अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव मागेच राहिले. सुमारे आठ आठवड्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी त्या न्यू यॉर्क बंदरात उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरमावशी त्यांना नेण्यासाठी आल्या होत्या.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलच्या घरी घालविला. नवा देश आणि नवे घर त्या बारकाईने पाहू लागल्या. कल्याणच्या घरात पाटावर बसून केळीच्या पानावर जेवायचे. येथे टेबलाशी खुर्चीवर बसून काट्याचमच्याने जेवायचे. तेथे चुलीपाशी सोवळे सांभाळून स्वयंपाक करायचा. येथे घरातील स्त्री पायांत बूट घालून स्वयंपाकघरात वावरे. तेथे सूनबाईने वडीलधाऱ्यांसमोर बोलू नये असा दंडक. येथे लहानथोर सारे एकत्र बसून गप्पा मारीत. आनंदीबाईंनी या गोष्टींना नाके मुरडली नाहीत. त्याचबरोबर आपल्या चालीरीतींची त्यांना लाजही वाटली नाही. त्या घरातील माणसांना त्यांनी मराठमोळी नावे ठेवली. एकदा तर त्यांनी स्वतः रांधून पाहुण्यांना आपल्या पद्धतीचे जेवण जेवू घातले. लुगडी नेसून, जमिनीवर बसून हाताने घास घेणाऱ्या त्या अमेरिकन स्त्रियांना पाहून त्यांना केवढे कौतुक वाटले असेल!

ऑक्टोबर १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणारी ही संस्था १८५० मध्ये स्थापन झाली होती. तेथील डीन श्रीमती रेचल बॉडली यांनी या परदेशी विद्यार्थिनीस मायेने आधार दिला. तरी खरी कसोटी येथेच सुरू झाली. फिलाडेल्फिया कल्याणहून कितीतरी उत्तरेस आहे. कोकणात माघातही अंगावर पातळ उपरणे पुरते. तेथे हिवाळ्यात रस्ते बर्फाने झाकले जातात. आनंदीबाईंच्या खोलीतील शेकोटीचे धुराडे नीट नव्हते. ती पेटविली की खोली धुराने भरून जाई. विझविली की थंडीने हातपाय गारठत. धूर सोसावा की थंडी, एवढाच प्रश्न उरे.

दुसरा प्रश्न पोशाखाचा होता. नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या उबदार देशात ते सोयीचे. परंतु तेथे त्यामुळे थंडीही बाधे आणि तेथील लोकांत ते सभ्यपणाचेही मानीत नसत. मग काय करावे? विलायती झगा घालणे सर्वांत सोपे होते. आनंदीबाईंनी तसे केले नाही. पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे त्यांनी ठरविले. त्यामुळे पाय झाकले गेले आणि वेषही आपल्याच देशातील राहिला. ही गोष्ट त्यांनी पतीस पत्राने कळविली. गोपाळरावांनी आधी संमती दिली. परंतु पुढे त्यांचे मन शंकेखोर झाले. पत्नी परकीयांच्या वळणावर जात आहे, असे टोमणे त्यांच्या पत्रांतून येऊ लागले. ज्यांनी शिकण्यासाठी हट्ट धरला, त्यांचेच असे शब्द वाचून आनंदीबाईंना किती यातना झाल्या असतील! पण त्यांनी शांतपणे आपली बाजू लिहून कळविली आणि अभ्यास सोडला नाही.

आहाराच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. त्या शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदनाचे शिक्षण, त्यानंतर थकून आल्यावर स्वतः अन्न शिजविणे आणि मग रात्री अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. कित्येकदा पुरेसे व मानवेल असे अन्न मिळत नसे. आधीच प्रकृती नाजूक. त्यात थंडी, धूर आणि श्रम. हळूहळू खोकला व ताप त्यांच्या मागे लागला. नव्या देशातील काय घ्यावे आणि आपले काय राखावे, याचा त्यांनी प्रत्येक बाबतीत विचार केला; त्याची किंमतही स्वतःच्या देहाने मोजली.

त्या काळातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या या छायाचित्रात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी दिसतात. साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातील सीरियाच्या सबात इस्लांबुली. तीन देशांतून आलेल्या तिघी एकच विद्या शिकत होत्या. परक्या गावात विद्येसाठी आलेल्या मुलींना आपला वेष टाकावा लागला नाही, ही त्या संस्थेचीही थोरवीच म्हटली पाहिजे.

पदवीसाठी आनंदीबाईंनी जो प्रबंध लिहिला, त्यातही दोन देश एकत्र आले होते. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांनी विषय घेतला आणि आयुर्वेदातील ग्रंथ व अमेरिकन वैद्यकाची पुस्तके या दोहोंचा आधार घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव उपस्थित होते आणि पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या भारतीय डॉक्टर स्त्रिया म्हणून या दोघींची नावे घेतली जातात.

कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागासाठी आनंदीबाईंची नेमणूक केली. ज्या कार्यासाठी एवढा खटाटोप केला, ते आता समोर आले होते. पण देह साथ देईना. क्षयाने त्यांना ग्रासले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी पतिपत्नी मुंबईस उतरली, तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागत केले. परदेशी जाऊन धर्म बुडवील असे ज्यांनी भाकीत केले होते, त्यांना साडी नेसलेली, कुंकू लावलेली आपलीच आनंदी परत आलेली दिसली. तिला उपचारासाठी पुण्यास नेण्यात आले. परंतु कोणत्याही औषधाचा गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंनी पुण्यात देह ठेवला. त्यांचे बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकाही रोग्याची सेवा डॉक्टर म्हणून स्वदेशात करण्यास त्यांना अवसर मिळाला नाही.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठविली. मावशींनी ती न्यू यॉर्क संस्थानातील पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली व तेथे शिळा उभारली. जिने दोन देशांत घरे जोडली, तिच्या स्मृतीलाही दोन्ही देशांत जागा मिळाली. पुढे काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र मराठीत लिहिले. आता तर शुक्र ग्रहावरील एका विवरासही तिचे नाव देण्यात आले आहे.

आज आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी व कामासाठी परदेशी राहतात. तेथील थंडी, तेथील अन्न, तेथील चालीरीती यांची घरच्या गोष्टींशी तुलना ती रोज करीत असतात. आनंदीबाई त्या मार्गाने पुष्कळ आधी, एकट्या आणि वाट दाखविण्यास कोणी नसताना गेल्या. नव्या देशातील जे हितकारक दिसले, ते त्यांनी शिकून घेतले. आपले म्हणून जे जपावेसे वाटले, ते जपले. आणि दोन्ही देशांतील माणसांवर सारखेच प्रेम केले. पळस्प्याच्या फाट्यावर दोन वाटांपैकी एक निवडावी लागते. आनंदीबाईंनी मात्र एका वाटेने जाताना दुसरीस कधी पाठ दाखविली नाही. म्हणूनच त्यांचे अल्प आयुष्य इतके मोठे झाले.