बाबासाहेब आणि बाळंतिणीचा हक्क

बाबासाहेबांचे नाव निघाले की आम्हाला महाड आठवते, राज्यघटना आठवते. बाळंतिणीच्या हक्कासाठी झटलेले बाबासाहेब मात्र आमच्या भाषणांतून क्वचितच भेटतात.

१८९१ साली जन्मलेले भीमराव हे भीमाबाईंचे चौदावे अपत्य. ते लहान असतानाच आई गेली. पुढे रमाईच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. हे दुःख त्यांच्या घरातलेच होते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर बाईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे, त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका. १९२९ साली कायदा झाला. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचा विचार बाबासाहेबांचा होता. सभागृहाने तो फेटाळला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात सुधारणा घडवल्या. १९५४ साली ते आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ते कायदे गिरणी आणि खाणीच्या फाटकापर्यंतच पोहोचले. साकोलीच्या बांधीत रोवणी करणाऱ्या मजूर बाईला पगारी रजा कोण देणार? ओली बाळंतीण भारे उचलते आणि अंग बाहेर येते. बाळ अडले आणि दवाखाना गाठायला उशीर झाला, तर मूत्राशयाला छिद्र पडून लघवी सतत गळते. शस्त्रक्रियेने बहुतेक जणी बऱ्या होतात. पण बाई लाजेने सांगत नाही आणि घरचे तिला वेगळे बसवतात. विटाळाविरुद्ध लढलेल्या समाजाच्या घरात हा नवा विटाळ कशासाठी?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर मातेला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला आहे. तो अर्ज भरून मागावा. प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने आशा सेविकेसोबत गरोदर बायांची यादी ठेवावी. कळा सुरू होताच १०२ क्रमांकावर गाडी बोलवावी. बाळंतिणीचे जड काम दीड महिना आपसांत वाटून घ्यावे. दुखणे लपवणाऱ्या बहिणीला सोबत करून सरकारी रुग्णालयात न्यावे. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा यासाठी राखून ठेवावा. बाबासाहेबांना त्याहून मोठे अभिवादन कोणते?