शाहू महाराज (कोल्हापूर)

छत्रपती शाहू महाराज (२६ जून १८७४ – ६ मे १९२२, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानाचे अधिपती व समाजसुधारक होते. मागासवर्गीयांसाठी राखीव जागा आणि सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण यांसाठी ते सर्वपरिचित आहेत. राधानगरी धरण हेही त्यांच्या कारकिर्दीतील मोठे कार्य होय.

प्रारंभिक जीवन

त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कागलकर घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि राधाबाई हे त्यांचे आईवडील. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

जलकार्य

कारकिर्दीच्या आरंभीच दुष्काळ आणि प्लेग यांना संस्थानास तोंड द्यावे लागले. सह्याद्रीलगत पाऊस मुबलक, तर पूर्वेकडे तो तुटपुंजा. शिवाय उन्हाळ्यात नद्यांची पात्रे आटत. पावसाचे पाणी अडविल्याशिवाय शेती व उद्योग स्थिरावणार नाहीत, हे ओळखून १९०२ मध्ये त्यांनी पाटबंधारेविषयक धोरण आखले. त्यानंतर भोगावती नदीवर धरणाचे काम सुरू झाले. कन्या राधाबाई यांच्या नावावरून तेथील वसाहतीस राधानगरी, तर राणी लक्ष्मीबाई यांच्या नावावरून जलाशयास लक्ष्मी तलाव असे नाव देण्यात आले. निधीअभावी १९१८ मध्ये काम थांबले व महाराजांच्या हयातीत ते पूर्ण होऊ शकले नाही. स्वातंत्र्यानंतर धरण पुरे झाले. त्याची साठवण क्षमता सुमारे ८.३६ अब्ज घनफूट असून त्याचे सात स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत.

पाणी आणि वीज

धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. जनित्र फिरवून बाहेर पडलेले पाणी नदीत जाते, बंधाऱ्यांवर अडते आणि शेतीस व पिण्यास पुन्हा उपयोगी पडते. औष्णिक केंद्राची स्थिती वेगळी असते. तेथे वाफ थंड करण्यासाठी शीतक मनोऱ्यांत पाणी खेळवितात व त्याचा मोठा भाग बाष्परूपाने हवेत जातो. त्यामुळे कोरड्या प्रदेशात टंचाईचा फटका थेट वीजनिर्मितीस बसतो. बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र २०१३ व २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. हवेने वाफ थंड करण्याची पद्धत पाणी वाचविते. मात्र ती खर्चिक असून ऐन उन्हाळ्यात तिची कार्यक्षमता घटते.

वारसा

महाराजांनंतर त्यांचे पुत्र राजाराम महाराज गादीवर आले. कोल्हापुरातील राजारामपुरी ही क्रमांकित गल्ल्यांची आखीव वसाहत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शहराच्या वाढत्या वस्तीस भोगावती-पंचगंगेच्या पाण्याचा आधार मिळाला. उन्हाळ्यात त्या प्रवाहास राधानगरीतून सोडलेले पाणी पूरक ठरते.