दुसरे टिळक

टिळक म्हटलं की आपल्याला आधी लोकमान्य आठवतात. पण शाळेत 'केवढे हे क्रौर्य!' शिकलेल्यांना दुसरे टिळकही आठवतील - रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या आयुष्याचा एक धागा आपण राहतो त्या अमेरिकेशी जोडलेला आहे.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. वाचता वाचता मन पालटलं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. ही सगळी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहेच.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागले. या मिशनची मूळ संस्था बोस्टनची. पैसा तिकडचा, धोरण तिकडचं. मिशनरी मंडळी मनापासून राबत होती, यात शंका नाही. पण टिळकांना एक गोष्ट टोचत होती. प्रसार आणि सेवा हे साहेबाचं काम, आपण रविवारी देवळात येऊन बसायचं, अशी सवय इथल्या ख्रिस्ती मंडळीला लागली तर ती स्वतःच्या पायावर उभी कधी राहणार?

त्यांनी सुरुवात गाण्यापासून केली. इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग, भजनं रचली, कीर्तनं केली. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. १९०४ साली ते पाळक झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळू लागले.

पण नुसती गाणी बदलून भागणार नव्हतं. म्हणून १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मार्गाने सेवा करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. संसार कसा चालायचा हा प्रश्न होताच!

दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांची भजनं मात्र मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. बोस्टनहून निघालेलं काम त्यांनी मराठी मंडळीचं स्वतःचं करून दाखवलं, तेही आधी स्वतःचा पगार सोडून. संस्था कुठलीही असो, ती 'त्यांची' न राहता 'आपली' कशी होते, हे परदेशात मंडळं चालवणाऱ्या आपल्याला या दुसऱ्या टिळकांकडून शिकता येईल.