मेंढीपैदाशीला दिशा देणारे रॉबर्ट बेकवेल

मेंढ्यांचा कळप जसा वाट्याला येईल तसा सांभाळायचा, अशी रीत असलेल्या काळात तो विचारपूर्वक घडवता येतो हे इंग्लंडच्या रॉबर्ट बेकवेल यांनी सिद्ध केले. १७२५ मध्ये लीस्टरशायर परगण्यातील डिशली येथे एका कुळाच्या घरी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ठिकठिकाणच्या शेतीपद्धतींचा अभ्यास करून ते परतले आणि १७६० च्या सुमारास सुमारे ४४० एकर शेतीची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या वेळी नर व माद्या एकत्रच चरत. पैदास योगायोगावर सोपवलेली असे. बेकवेल यांनी मेंढे वेगळे ठेवले, निवडक जोड्या जुळवल्या आणि इष्ट गुण स्थिर करण्यासाठी जवळच्या नात्यातील जनावरांपासून संतती घेतली. उत्तम जनावरांचे सांगाडे ते घरात जपून ठेवीत. मेंढे विकण्याऐवजी ते हंगामापुरते भाड्याने देत. त्यामुळे निरनिराळ्या कळपांतील कोकरांवरून मेंढ्याची खरी पारख होई.

यातून साकारलेली ‘न्यू लीस्टर’ मेंढी लवकर वाढे आणि हाडांच्या मानाने अधिक मांस देई. वाढत्या शहरांना तेच हवे होते. मात्र या यशाची किंमतही मोजावी लागली. या मेंढ्यांना कोकरे कमी होत. त्यांच्या लांबशिंगी गायींचे मांस वाढले, पण दूध घटले; पुढे आखूडशिंगी गायींनी त्यांची जागा घेतली. खाटकाला विकलेल्या मेंढ्यांपासून इतरांनी पैदास करू नये म्हणून बेकवेल त्यांना पाणथळ कुरणात चारून यकृतरोग जडू देत, असाही प्रवाद होता.

१७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. आनुवंशिकतेचे नियम तेव्हा अज्ञात होते. पुढे चार्ल्स डार्विन यांनी निवडीच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून त्यांच्या कार्याचा उल्लेख केला.

एकाच गुणाचा पाठपुरावा केल्यास दुसरा गुण हातून निसटतो, हा डिशलीचा धडा आजही लागू आहे. फ्रान्समध्ये रॉकफोर्ट चीजसाठी दूध देणाऱ्या लाकोन मेंढ्यांची निवड करताना दुधाबरोबरच कासदाहाला आणि स्क्रेपी या मेंदूच्या घातक रोगाला प्रतिकार करण्याची आनुवंशिक क्षमताही तपासली जाते. बेकवेल यांनी दाखवलेली निवडीची वाट आता जनावराच्या आरोग्याचाही विचार करू लागली आहे.